घरचे गप्प का आहेत? बेपत्ता माणूस आणि त्याच्या घराचं मौन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी बेपत्ता झालं की पहिले दोन दिवस सगळे फोटो पुढे पाठवतात. तिसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू होते आणि तिचा रोख हळूहळू घरच्यांकडे वळतो. आई टीव्हीवर का आली नाही? भावाने स्टेटस का काढलं? जिवलग मित्र म्हणवणारे तोंड का उघडत नाहीत? हे पान असे प्रश्न पडणाऱ्यांसाठी आहे आणि ज्यांना ते रोज ऐकावे लागतात त्या घरांसाठीही. कायद्याबद्दल लिहिलंय ते सर्वसाधारण स्वरूपाचं आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाला विचारा.

घरचे काहीच बोलत नाहीत, म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक आहे असं समजायचं का?

नाही. लोकांपुढे गप्प राहणं आणि पोलिसांपुढे गप्प राहणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला फक्त पहिली दिसते, आणि तिच्यावरून आपण दुसरीचा अंदाज बांधतो. सगळा घोळ तिथे होतो.

मिसिंगची नोंद करताना ठाण्यात काय चालतं ते एकदा बघा. उंची, रंग, बांधा, अंगावरचे कपडे, पायात काय होतं, कानात-गळ्यात काय होतं, तीळ किंवा जखमेची खूण. मग मोबाइल नंबर. हॅन्डसेटचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) हवा असतो म्हणून वडील घरी जाऊन कपाटावरचा फोनचा रिकामा खोका शोधून आणतात. त्यानंतर अवघड प्रश्न येतात. शेवटचं भांडण कशावरून झालं? उधारी होती का? कुणाशी बोलणं होतं? दारू, औषधं, पूर्वी कधी घर सोडलं होतं का? आई-वडील एकमेकांसमोर कधी न बोललेल्या गोष्टी अंमलदारासमोर सांगतात आणि त्या जबाबात उतरतात. यातलं काहीही तुमच्या मोबाइलवर येत नाही. तिथे तासन्तास बोलून आलेला माणूस गल्लीतल्या प्रश्नांना ‘बघू, पोलीस शोधतायत’ एवढंच उत्तर देत असेल, तर त्याला गप्प म्हणणं अन्यायाचं आहे.

मग शीना बोरा प्रकरणाचं काय? तिथे घरातलेच गप्प होते ना?

हे उदाहरण हमखास येतं. ती २०१२ च्या एप्रिलपासून दिसेनाशी झाली. ती अमेरिकेत आहे असं सांगितलं जात होतं. रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यात त्याच वर्षी एक मृतदेह मिळाला, पण त्याचा धागा जुळायला आणि खुनाच्या आरोपाखाली तिची आई इंद्राणी मुखर्जी यांच्यासह इतरांना अटका व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडलं. आरोपांचा निवाडा न्यायालय करेल. आपल्या विषयापुरतं एवढंच बघा, की आई टीव्हीवर आली नाही यामुळे ती तीन वर्षं वाया गेली नाहीत. माणूस दिसत नाही याची वेळच्या वेळी नोंद होऊन तपास झाला नाही, म्हणून गेली. त्यामुळे एखाद्या घराबद्दल शंका आलीच, तर विचारण्याजोगा प्रश्न एकच: मिसिंग दाखल झाली आहे का? त्याचं उत्तर पोलीस ठाण्यात मिळतं, आईच्या चेहऱ्यावर मिळत नाही.

पोलीसच गप्प राहायला सांगतात, हे खरं की सबब?

बऱ्याचदा खरं असतं. खंडणीचा फोन आला असेल तर बातमी फुटणं जिवावर बेतू शकतं, त्यामुळे घरच्यांना पाव्हण्यारावळ्यांनाही काही सांगू नका म्हणतात. अल्पवयीन मुलीला कुणी फूस लावून नेलं असेल आणि फोनच्या लोकेशनवरून पथक मागावर असेल, तर सगळीकडे फिरणारा फोटो बघून तो आधी सिम काढून फेकतो आणि मुक्काम हलवतो.

तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. काही तपशील मुद्दाम बाहेर येऊ देत नाहीत. अंगठीवर कोरलेलं अक्षर, पाकिटातली एखादी चिठ्ठी, उसवलेला खिसा. उद्या कुणी फोन करून ‘तुमचा माणूस मी पाहिला’ म्हणाला, तर तो खरं बोलतोय की नाही हे ताडायला पोलिसांकडे एवढंच असतं. घरच्यांनी मुलाखतीत सगळं सांगून टाकलं की ही चाळणीच जाते. म्हणून ‘शर्टाचा रंग सांगितला, मग पाकिटाचं का नाही सांगितलं’ असा तर्क लढवण्यात अर्थ नाही.

आधी फोटो सगळीकडे टाकला आणि मग एका रात्रीत सगळं डिलीट केलं. हे संशयास्पद नाही का?

याची तीन साधी कारणं असतात. पहिलं, माणूस सापडला. सज्ञान व्यक्ती स्वतःच्या मर्जीने गेली असेल तर पोलीस तिचा जबाब घेतात आणि तिची इच्छा नसेल तर पत्ता घरच्यांना देत नाहीत. ‘सुखरूप आहे’ एवढंच कळवतात. आता हे घरच्यांनी जाहीर कसं करायचं? ‘मुलगी सापडली, पण घरी यायचं नाही म्हणते’ असं कुठला बाप लिहील?

दुसरं कारण कायद्याचं. हरवलेल्या मुलाचा फोटो शोधासाठी छापता येतो. पण त्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं निष्पन्न झालं की चित्र पालटतं. पोक्सो कायद्याचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ यांनुसार पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरतो. नाव, फोटो, शाळा, घराचा पत्ता, काहीच देता येत नाही. कालपर्यंत जो फोटो पुढे पाठवणं पुण्याचं काम होतं, तोच आज फिरवणं गुन्ह्यात मोडू शकतं. जम्मूतल्या कठुआ इथे लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्या प्रकरणात २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने मुलीची ओळख उघड केल्याबद्दल माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते. तेव्हा पोस्ट अचानक गायब झाली, तर तुमच्याकडचीही काढा आणि कारण विचारत बसू नका. त्या घराला ते सांगताच येत नसतं.

तिसरं कारण फोन. त्याबद्दल पुढे आहे.

आई रडली नाही. वडील कॅमेऱ्यासमोर अगदी शांत होते. हे तुम्हाला खटकत नाही?

खटकलं तरी त्यावरून निष्कर्ष काढू नये हे मी लिंडी चेंबरलेन यांच्या प्रकरणावरून शिकलो. ऑगस्ट १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात उलुरूजवळ तंबूतून त्यांची नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, ती नेली असं आई पहिल्या रात्रीपासून सांगत होती. हे घर गप्पही नव्हतं, मुलाखती देत होतं. पण आई टीव्हीवर पुरेशी रडत नाही, फार सावरलेली दिसते, कपडे नीटनेटके आहेत, यावरून देशभर कुजबुज सुरू झाली. १९८२ मध्ये खुनाबद्दल त्यांना जन्मठेप झाली. १९८६ मध्ये बाळाचं जॅकेट डिंगोंच्या वावराच्या जागी सापडलं आणि त्यांची सुटका झाली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. मृत्यू डिंगोमुळेच झाला अशी अधिकृत नोंद व्हायला २०१२ साल उजाडलं. बत्तीस वर्षं.

बोलल्या तर ‘फार मोकळेपणाने बोलते’, न बोलल्या तर ‘काहीतरी लपवतेय’. आपल्याकडेही तीच तऱ्हा. छाती बडवून रडली तर नाटकी, कोरड्या डोळ्यांनी बसली तर दगड. धक्का बसलेला माणूस चहा करतो, भांडी घासतो, पाहुण्यांना ‘जेवून जा’ म्हणतो. अंत्ययात्रेच्या घरी हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बेपत्ता माणसाच्या घरी मात्र तेच दिसलं की आपण भुवया उंचावतो.

मुलगी बेपत्ता असेल तर घरचे लपवतातच. ही अब्रूची भीती खरी आहे ना?

खरी आहे, आणि या पानावर मी मौनाच्या विरोधात कुठे बोलणार असेन तर इथेच.

एकोणीस वर्षांची मुलगी क्लासला म्हणून गेली आणि परत आली नाही. रात्री नऊपर्यंत मैत्रिणींना फोन झाले. त्यानंतर घरात पहिला निर्णय होतो तो ‘कुणाला कळू द्यायचं नाही’ हा. शेजारच्या काकू सकाळी विचारतात, ‘ताई दिसली नाही काल?’ उत्तर तयार असतं, ‘मामाकडे गेलीय.’ मामाला फोन करून सांगितलं जातं, कुणी विचारलं तर हो म्हण. मामा मामीलाही सांगत नाही. धाकटीचं लग्न जमवायचंय, गावाकडे चार लोकांत बोभाटा होईल. त्यात आजोबांना बीपी. दोन दिवस असेच जातात. मग कुणीतरी शहाणा काका म्हणतो, ‘आधी ठाण्यात जा.’ तोवर बसस्थानकाच्या किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीवर नवं रेकॉर्डिंग चढून जुनं पुसलं गेलेलं असू शकतं.

गल्लीला ‘मामाकडे गेलीय’ सांगा. ते तुमचं घर, तुमचा निर्णय. तेच पोलिसांना सांगू नका, आणि तिथे जायला उशीर करू नका. मुलीचं कुणाशी प्रेमप्रकरण होतं, घरी मारहाण झाली होती, तिने पूर्वी एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता, हे ठाण्यात पहिल्याच दिवशी सांगा. ‘तसं काहीच नव्हतं हो’ या एका वाक्याने तपास भलत्याच दिशेला जातो. मुलगा बेपत्ता असतो तेव्हाही कर्ज, ऑनलाइन जुगार, नोकरी गेलेली असणं या गोष्टी अशाच दडवल्या जातात. त्याची चर्चा कमी होते इतकंच.

चोवीस तास थांबावं लागतं ना?

नाही. असा नियम नाही. लगेच जा, जवळच्या ठाण्यात जा. हद्द आमची नाही म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची सोय आहे हे सांगा. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार नुसती मिसिंगची नोंद पुरत नाही, अपहरणाचा किंवा तस्करीचा संशय धरून एफआयआर व्हायला हवा. तातडीसाठी ११२, मुलांसाठी १०९८.

मित्रमैत्रिणी का बोलत नाहीत? त्यांना तर सगळं माहीत असतं.

सगळं नसतं, थोडंथोडं असतं, आणि तीच अडचण असते. एकीला माहीत असतं की ती कुणाशी बोलायची. दुसऱ्याला माहीत असतं की त्याने पैसे उसने घेतले होते. प्रत्येकाला वाटतं, आपण सांगितलं तर विश्वासघात होईल. त्यात त्यांचे स्वतःचे आई-वडील असतात: ‘तुला कशाला पोलिसांच्या भानगडीत पडायचंय? तुझं नाव यायला नको.’ मुलीच्या मैत्रिणींबाबत तर हे ठरलेलंच.

पण वसईच्या तरुणीच्या प्रकरणात, जे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीत उघडकीला आलं, घरच्यांना सावध केलं ते मित्रांनीच. घराशी तिचा संपर्क तुटल्यासारखा होता. तिचा फोन किती तरी दिवस बंद आहे हे एका मित्राच्या लक्षात आलं, त्याने भावाला कळवलं, मग वडिलांनी वसईच्या माणिकपूर ठाण्यात तक्रार दिली आणि तिथून तपास दिल्लीला पोचला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तिचा खून मे महिन्यातच झाला होता. त्या मित्राने टीव्हीवर येण्याआधी योग्य माणसाला फोन केला होता. मित्रांनी करायचं ते एवढंच.

मित्रमंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर: ठाण्यात एकटं जायची भीती वाटते तर मोठ्या माणसाला बरोबर न्या. चॅट डिलीट करू नका. ‘लाज वाटण्यासारखं आहे’ म्हणूनसुद्धा नको. आणि जे माहीत आहे ते सांगा, जे वाटतं ते वेगळं सांगा.

घरच्यांनी बोलायलाच हवं अशी वेळ येते का?

येते. तपास हलत नसेल तेव्हा. नवी मुंबई पोलिसांतल्या सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. संशय पोलीस खात्यातल्याच वरिष्ठावर होता. अशा वेळी ‘पोलीस बघतायत’ म्हणून गप्प बसणं म्हणजे फाइल बंद व्हायची वाट बघणं. कोल्हापूरकडच्या त्या कुटुंबाने वर्षानुवर्षं अर्ज केले, न्यायालयात गेले, पत्रकारांशी बोलत राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये निरीक्षक अभय कुरुंदकर यांना अटक झाली आणि २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली. मधली नऊ वर्षं घरच्यांनी आवाज लावून धरला होता.

बोलण्याआधीच्या पायऱ्याही आहेत. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. कुणी बेकायदा डांबून ठेवल्याचा संशय असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे त्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी, याचिका करता येते. मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात पर्वरी आणि आता कोल्हापूर इथेही उच्च न्यायालय बसतं.

फोन नंबर जाहीर केला तर हरकत काय?

स्वतःचा देऊ नका एवढंच सांगेन. पोस्टरवर आईचा नंबर असतो आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. ‘तुमचा मुलगा सुरतला रेल्वे स्टेशनवर आहे, आजारी आहे, तिकिटाचे पाच हजार पाठवा.’ पैसे पाठवले की नंबर बंद. कुणी मुलाच्या आवाजाची नक्कल करतो. कुणी नुसतंच रात्री दोनला हसतो. मग देवऋषी, भगत, पत्रिका बघणारे. ‘उत्तरेला आहे, पाण्याजवळ आहे, एक विधी करावा लागेल.’ घर इतकं हतबल असतं की शिकलेली माणसंही अंगारा आणतात. यात मी त्यांना दोष देत नाही.

अशा आठ दिवसांनंतर घरचे अनोळखी नंबर उचलणं बंद करतात, पोस्ट काढून टाकतात, आणि बाहेरचे म्हणतात, ‘बघा, यांना मुलगा सापडायला नकोच आहे.’ पोस्टरवर पोलीस ठाण्याचा आणि तपास अंमलदाराचा नंबर द्या. फारच वाटलं तर एक नवं सिम घ्या आणि ते घरातल्या खमक्या माणसाकडे ठेवा.

माध्यमांना घरच्यांची मुलाखत मागण्याचा हक्क नाही का?

मागू शकतात. द्यायलाच हवी असं नाही. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतरच्या वार्तांकनाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला. तपास चालू असताना पीडित, साक्षीदार किंवा त्यांच्या घरच्यांच्या मुलाखती घेऊन पडद्यावर दाखवणं टाळावं, असं त्यात आहे. दारात बूम घेऊन उभ्या असलेल्या मुलांना हे माहीत असेलच असं नाही, त्यामुळे घरच्यांना माहीत असलेलं बरं.

घरच्यांनाच चौकशीला बोलावलं, आणि त्यांनी लाय डिटेक्टरला नकार दिला. आता तरी?

आता तरीही नाही. शेवटचं कुणी पाहिलं इथूनच तपास सुरू होतो आणि शेवटचं पाहिलेलं असतं घरच्यांनीच, तेव्हा बोलावणं येणारच. बाई, साठीपुढचा पुरुष, पंधराच्या आतला मुलगा, आजारी किंवा अपंग माणूस यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या राहत्या जागी जायचं असतं. म्हणून पोलिसांची गाडी दारात दिसली यावरूनही काही सिद्ध होत नाही. पॉलिग्राफ (म्हणजेच लाय डिटेक्टर) आणि नार्को (औषध देऊन बोलतं करण्याची) चाचणी संमतीशिवाय करता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात स्पष्ट केलं. नकार देणं हा हक्क आहे, आणि कुठलाही बरा वकील बहुधा तोच सल्ला देईल.

घरचे काही करत नाहीत म्हणून आम्ही काही लोकांनी स्वतः शोध घेतला तर?

शोधात मदत करा, पोलिसांना विचारून. तपास करू नका.

जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात नदीकाठी कुत्र्याला फिरवायला गेलेली दोन मुलींची आई नाहीशी झाली. फोन बाकावर होता, ऑफिसचा कॉल चालूच होता. तीन आठवड्यांत त्या छोट्या गावात व्हिडिओ बनवणाऱ्यांची रीघ लागली. लोक पडक्या घरांत शिरले, रात्री गावकऱ्यांच्या अंगणात घुसले, तिच्या जोडीदाराला खुनी ठरवून मोकळे झाले. गर्दी पांगवायला पोलीस लावावे लागले. दडपणाखाली पोलिसांनी तिच्या खासगी आजारपणाचे तपशील जाहीर केले. ते टाळता येण्यासारखं आणि अनावश्यक होतं, असं पुढे अधिकृत आढाव्यातच म्हटलं गेलं. ती त्याच नदीत, थोडं खाली सापडली. अपघाताने बुडाली, असा निष्कर्ष निघाला. ज्या घराला संशयावरून छळलं, त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच.

आपल्याकडचं उदाहरण याहून भयंकर आहे. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या व्हॉट्सॲप अफवा फिरत होत्या आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. पोलिसांना विचारायला कुणी थांबलं नाही.

वर्षं उलटली तरी ते घर त्याबद्दल बोलत नाही. विसरले का?

ज्या घरात माणूस मेलेला नाही आणि जिवंतही नाही, तिथे बोलणार काय? पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा अनिश्चित वियोगावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं मुख्य म्हणणं असं की शेवटच कळलेला नसतो म्हणून हे दुःख जागच्या जागी थिजून राहतं. आपल्याकडे याला अगदी घरगुती रूप येतं. दिवस घालायचे की नाही? पितृपक्षात पान वाढायचं का? बायकोने मंगळसूत्र काढायचं की ठेवायचं? हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर जायचं का? जाऊबाई तिला आत बोलावते, सासू दाराशी थबकते. अशा घरी ‘काही कळलं का हो?’ हा प्रश्न कितीही मायेने विचारलेला असो, वीस जणांनी विचारला की बाई बाजारात जायची वेळ बदलते.

वर कागदपत्रं. बँक खातं त्याच्या नावावर, सातबाऱ्यावर त्याचं नाव, विम्याचा दावा अडकलेला. ज्यांना त्याची खबर मिळायलाच हवी होती त्यांना ७ वर्षं ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर जातो. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १११, पूर्वीच्या कायद्यातलं १०८. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि अर्जावर ‘माझे पती मयत समजावेत’ असं लिहून सही करावी लागते. ही सही करणाऱ्या बाईला ‘संपत्तीसाठी मारून टाकलं’ म्हणणारे नातेवाईक असतात. म्हणून ती कुणाला न सांगता तालुक्याला जाऊन येते.

आणि कधी कधी माणूस खरंच परत येतो. कर्जतजवळ डॉ. भरत वटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते. त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथून घरी गेलेल्यांत वर्षानुवर्षं बेपत्ता असलेले लोक आहेत. त्यातल्या कित्येक घरांनी मुलाला मानसिक आजार होता हे गावात कधी सांगितलेलं नसतं. इथे मात्र सांगायला हवं, निदान पोलिसांना. औषधांची चिठ्ठी दाखवली तर शोध इस्पितळं आणि आश्रमांकडेही वळतो.

आम्ही त्या घरातलेच आहोत. किती बोलायचं, कुणी बोलायचं?

एकाच माणसाने बोलायचं. आई किंवा वडिलांनी शक्यतो नको. मामा, मेहुणा, थोरला चुलतभाऊ, असा कुणी जो दिवसातून चाळीस वेळा तेच वाक्य न चिडता म्हणू शकेल. बाकी सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवायचं. घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तपासाचं काही टाकू नका, तिथून ते तासाभरात गावभर होतं.

निवेदन लिहून ठेवा. असं काहीतरी: ‘आमचा भाऊ अमुक तारखेपासून बेपत्ता आहे. तक्रार दाखल आहे, तपास सुरू आहे. माहिती असल्यास अमुक पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. पोलिसांच्या सूचनेनुसार आम्ही याहून अधिक बोलणार नाही. कृपया घरी येऊ नये.’ शेवटचं वाक्य उद्धट वाटतं म्हणून लोक गाळतात. गाळू नका.

जाणाऱ्याला उद्देशून काही म्हणायचं असेल तर वर्तमानपत्रातली जुनी रीत अजून उत्तम आहे. ‘बाळ, असशील तिथून निघून ये. तुला कुणी रागावणार नाही. आई जेवत नाही.’ मुंबई दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ बघत मोठ्या झालेल्या पिढीला या भाषेचं हसू येतं. पण रागाने निघून गेलेल्या मुलाला ‘रागावणार नाही’ हेच ऐकायचं असतं, आणि त्यात तपासाची एकही गोष्ट फुटत नाही.

शेजारी म्हणून काय करावं?

डबा द्या. धाकट्याला शाळेत सोडा. ठाण्यात बरोबर जा आणि बाहेर बाकावर बसा. प्रश्न विचारू नका. तुमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्याचं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत सेक्रेटरीला सांगून वेगळं काढून ठेवा. ते फेसबुकवर टाकू नका, तपास अंमलदाराला द्या.

माणूस सापडला असं कळलं. आता?

घरच्यांनी एका ओळीचा संदेश टाकावा: ‘संबंधित व्यक्ती सापडली आहे. सर्वांचे आभार. कृपया फोटो आणि जुने संदेश पुढे पाठवू नयेत.’ कुठे सापडली, कशी, कुणाबरोबर, यातलं काही लिहायची गरज नाही. ठाण्यात जाऊन मिसिंगची नोंद रीतसर बंद झाली का तेही बघा. आणि ज्यांनी फोटो फिरवला होता त्यांनी तो स्वतःच्या भिंतीवरून, ग्रुपमधून, स्टेटसच्या संग्रहातून काढावा. तो जिवंत माणूस आहे, त्याला उद्या नोकरीच्या मुलाखतीला जायचं असतं.